सुट्टीच्या दिवशी फुकट राबायला माणसं का येतात?

२०१८ साली एप्रिलच्या अखेरीस चार सुट्ट्या जोडून आल्या होत्या. शनिवार, रविवार, सोमवारी बुद्धपौर्णिमा आणि मंगळवारी १ मे, महाराष्ट्र दिन. असा योग आला की पुण्या-मुंबईचा माणूस कोकणात जातो, महाबळेश्वरला जातो, नाहीतर सरळ गावची वाट धरतो. त्या वर्षी मात्र १ मेच्या सकाळी शहरांतली हजारो माणसं पाणी फाउंडेशन या संस्थेच्या वॉटर कप स्पर्धेत, म्हणजे पावसाचं पाणी अडवण्याच्या गावागावांतल्या चढाओढीत, उतरलेल्या गावांमध्ये गेली आणि कुदळ-फावडी घेऊन माळावर चर खणायला लागली. ‘जलमित्र’ म्हणून त्यांनी आधी नावं नोंदवली होती. कुणी एकटं आलं होतं, कुणी घरच्यांना घेऊन, तर कुणी ऑफिसातल्या मंडळींबरोबर.

दुष्काळी गावातल्या माणसानं आपल्या शिवारासाठी घाम गाळला तर त्याचं कारण सांगावं लागत नाही. पाऊस पडल्यावर पाणी त्याच्याच विहिरीला येणार असतं. पण हिंजवडीत किंवा ठाण्यात नोकरी करणाऱ्या, त्या गावाशी कसलंही नातं नसलेल्या माणसाला तिथं काय मिळतं? पैसे नाहीत, बढती नाही, त्या विहिरीचं पाणीही नाही. हाताला फोड तेवढे येतात.

हा प्रश्न अर्थशास्त्र आणि मानसशास्त्रातल्या अभ्यासकांना कित्येक वर्षं पडलेला आहे. त्यांना सापडलेली उत्तरं ऑफिसात असे उपक्रम चालवणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यावीत असं मला मनापासून वाटतं. मीही आमच्या ऑफिसातल्या अशा एका गटात आहे. या कामातून माणसं गळतात ती बहुतेकदा कुणाच्या वाईट हेतूमुळे गळत नाहीत. उत्साह वाढावा म्हणून केलेल्या गोष्टीच उत्साह घालवतात, आणि ते कसं घडतं हे अभ्यासातून बऱ्यापैकी स्पष्ट झालेलं आहे.

देणाऱ्यालाही काही मिळतं, आणि त्यात वावगं काही नाही

समजा, माणूस फक्त दुसऱ्याचं भलं व्हावं एवढ्याचसाठी देतो. मग ते भलं दुसऱ्या कुणी केलं तरी त्याला तेवढंच समाधान मिळायला हवं. शासनानं जेसीबी लावून गावातले सगळे चर खणून दिले, की जलमित्रानं घरी बसून समाधानानं चहा प्यायला हवा. प्रत्यक्षात तसं होत नाही. काम झालं याचा आनंद वेगळा आणि त्या कामाला माझा हात लागला याचा आनंद वेगळा. जेम्स आंद्रेओनी या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९९० मध्ये हा दुसरा आनंद अर्थशास्त्राच्या हिशेबात नीट बसवून दाखवला. त्याला त्यांनी ‘वॉर्म ग्लो’ असं नाव दिलं. देणाऱ्याच्या मनाला देण्यातूनच जी ऊब मिळते, ती.

आपल्याकडे हे ऐकलं की काही जण लगेच म्हणतात, म्हणजे शेवटी स्वार्थच की. या आक्षेपात मला अर्थ वाटत नाही. चर खणून झाल्यावर मनाला बरं वाटलं म्हणून चरात पाणी कमी मुरत नाही. उलट, माणसाला त्या कामातून स्वतःसाठी काय मिळतं हे मोकळेपणानं मान्य केलं, तर तो पुढच्या वेळी येईल की नाही याचा अंदाज जास्त चांगला बांधता येतो.

हे ‘काय मिळतं’ मोजण्यासाठी अमेरिकेत गिल क्लॅरी, मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. स्वयंसेवी कामाच्या अभ्यासात ती आजही वापरली जाते. तिच्यात माणसाच्या सहा प्रेरणा धरल्या आहेत. काहींना आपली मूल्यं जगायची असतात. लहानपणी घरात राष्ट्र सेवा दल किंवा वारी पाहिलेली असते, कुणासाठी काही केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. काहींना जग समजून घ्यायचं असतं. अकाउंट्समध्ये दहा वर्षं काढलेल्या माणसाला जिल्हा परिषदेची शाळा आतून कशी चालते हे पाहायचं असतं. काही जण आपली माणसं जातायत म्हणून जातात. काही जण नोकरीत उपयोगी पडेल असं काही शिकायला येतात: चार लोकांसमोर बोलणं, वीस जणांची व्यवस्था लावणं. काही जण स्वतःच्या मनावरचं ओझं उतरवायला येतात. नव्या शहरातलं एकटेपण, घरातलं एखादं दुःख, आपल्याला जरा जास्तच मिळालंय ही टोचणी. आणि काहींना आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत हे अनुभवायचं असतं. दिवसभर स्क्रीनवरच्या तक्त्यांत डोकं घालून बसणाऱ्या माणसाला ही गरज किती खोल असते, हे मी जवळून पाहिलंय.

एकाच माणसात यांतल्या तीन-चार प्रेरणा एकत्र असतात. म्हणून ऑफिसातून निघालेल्या बसमधल्या तीस जणांना एकच भाषण देऊन सगळ्यांचा उत्साह सारखाच वाढेल, ही अपेक्षा चुकीची आहे.

आता यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेत एड्सच्या साथीच्या काळात रुग्णांच्या घरी जाऊन सोबत आणि मदत करणारे स्वयंसेवक होते. काम अतिशय कठीण. ज्याच्याशी जीव जडायचा तो माणूस काही महिन्यांत जायचा, आणि त्या काळी शेजारीपाजारी स्वयंसेवकालाही दूर ठेवायचे. अॅलन ओमोटो आणि मार्क स्नायडर यांनी अशा ११६ स्वयंसेवकांचा अडीच वर्षं माग ठेवला आणि १९९५ मध्ये निष्कर्ष मांडले. कोण जास्त काळ टिकलं? ज्यांनी सुरुवातीला ‘मला यातून शिकायचंय, मला स्वतःमध्ये बदल घडवायचाय, मला स्वतःबद्दल बरं वाटतं’ अशी कारणं दिली होती, ते. निव्वळ परोपकाराची कारणं सांगणारे त्यांच्याइतके टिकल्याचं दिसलं नाही. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत नेमकं हेच आलेलं नाही, पण विचार करायला लावणारी ही गोष्ट आहे. ज्याला कामातून स्वतःसाठीही काही मिळतं, त्याच्याकडे वाईट दिवशी परत येण्याचं कारण शिल्लक राहतं.

‘तू येशील का?’

चांगली इच्छा बहुतेकांच्या मनात असते. ती मनातून पायात कधी उतरते? अमेरिकेचा कामगार सांख्यिकी विभाग कित्येक वर्षं स्वयंसेवकांना विचारत असे, की तुम्ही या कामात आलात कसे? दर वेळी साधारण चाळीस टक्के लोकांचं उत्तर एकच असायचं: मला कुणीतरी विचारलं. आपणहून गेलेल्यांची संख्याही जवळपास तेवढीच.

म्हणजे विचारणं हे फार मोठं काम आहे, आणि ऑफिसची खरी ताकद तिथेच आहे. संस्थेकडे माहितीपत्रक असतं, तुमच्याकडे शेजारची खुर्ची असते. सगळ्यांना एकदम गेलेली मेल कुणालाच आलेली नसते. ती वाचून प्रत्येकाला वाटतं की बाकीचे जातीलच. पण जेवणाच्या डब्यावर कुणी म्हणालं, ‘शनिवारी मी चाललेय, तूही चल ना, स्टेशनवरून एकत्रच जाऊ,’ तर त्या एका वाक्यात तीन अडचणी सुटतात. जायचं कसं ते ठरलं, तिथं ओळखीचं कोण असेल ते ठरलं, आणि आपल्याला कुणीतरी नाव घेऊन बोलावलं.

विचारणारं कोण, यावर मात्र सगळं अवलंबून आहे. बरोबरीच्या सहकाऱ्याला ‘या खेपेला नाही जमणार गं’ म्हणता येतं. तोच प्रश्न साहेबांनी मीटिंगच्या शेवटी सगळ्यांसमोर विचारला, की ‘हो’ म्हणणाऱ्यालाही आपण मनानं ‘हो’ म्हणालो का हे कळत नाही. साहेबांनी यावं, घमेलं उचलावं, आणि विचारण्याचं काम दुसऱ्यांवर सोडावं.

पैसे, गुण, प्रमाणपत्र

मग येणाऱ्यांना काही बक्षीस दिलं तर? यावर उरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमध्ये केलेला प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं शाळेतली मोठी मुलं वर्षातल्या ठरावीक दिवशी घरोघर फिरून सामाजिक कामांसाठी वर्गणी गोळा करतात. आपल्याकडच्या मुलांना हे नवं नाही. जोड्या करून फिरणाऱ्या १८० मुलांचे तीन गट केले. पहिल्या गटाला फक्त कामाचं महत्त्व सांगितलं. दुसऱ्या गटाला सांगितलं, की जमवाल त्याच्या एक टक्का रक्कम तुम्हाला मिळेल. तिसऱ्याला दहा टक्के. हा मोबदला वर्गणीतून जाणार नव्हता, तो वेगळा मिळणार होता, म्हणजे मुलांच्या मनात त्याचा संकोच राहायचं कारण नव्हतं.

सगळ्यांत जास्त पैसे जमवले पहिल्या गटानं, प्रत्येक जोडीमागे सरासरी सुमारे २३९ शेकेल. दहा टक्केवाल्यांनी सुमारे २१९. आणि एक टक्केवाल्यांनी सगळ्यांत कमी, साधारण १५४. थोडासा मोबदला देणं हे काहीच न देण्यापेक्षा वाईट ठरलं. कारण मोबदला आला की मुलाच्या मनातला प्रश्नच बदलतो. ‘हे काम चांगलं आहे का’ याच्या जागी ‘या पैशात हे परवडतं का’ असा हिशेब सुरू होतो, आणि एक टक्क्यात ते कुणालाच परवडत नाही.

रक्तदानाचं असंच आहे, आणि ऑफिसात सहकाऱ्यांनी मिळून केलेलं दान म्हटलं तर आपल्याकडे पहिल्यांदा रक्तदान शिबिरच आठवतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना रक्तदाते होण्यासाठी आवश्यक ती आरोग्य तपासणी करून घ्याल का असं विचारलं. एका गटाला त्याबद्दल ५० क्रोनर देऊ केले. पुरुषांमध्ये फारसा फरक पडला नाही. बायकांमध्ये मात्र तयार होणाऱ्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. तेच ५० क्रोनर तुम्ही एखाद्या धर्मादाय संस्थेला देऊ शकता असं सांगितल्यावर ते पुन्हा पूर्ववत झालं. चांगुलपणासाठी आलेल्या माणसाच्या हातावर नोट ठेवली, की तो चांगुलपणासाठी आला होता हे त्याला स्वतःलाही सिद्ध करता येत नाही.

भारतात रक्ताच्या बदल्यात पैसे घेण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर बंदी आली आणि १ जानेवारी १९९८ पासून ती लागू झाली. त्यामागे मुख्य कारण सुरक्षिततेचं होतं. पैशासाठी रक्त देणारा माणूस आपला आजार लपवण्याची शक्यता जास्त. आज महाराष्ट्रातल्या रक्तपेढ्या कॉलेजं, मंडळं आणि ऑफिसांतल्या शिबिरांवर फार अवलंबून आहेत. म्हणूनच मे महिन्यात, कॉलेजं बंद आणि माणसं गावी गेलेली असताना, तुटवडा जाणवतो. लाल पेशी थंड पेटीत पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट्स मात्र पाचच दिवस. जानेवारीत भरवलेल्या मोठ्या शिबिरातलं रक्त मेमध्ये वापरता येत नाही. ज्या ऑफिसला खरंच मदत करायचीय त्यानं स्थापना दिनाची तारीख सोडून रक्तपेढीला फोन करावा आणि तुम्हाला कधी हवंय ते विचारावं.

पण बक्षीस म्हटलं की सगळंच वाईट, असंही अभ्यास म्हणत नाहीत. इटलीत नोकरदार रक्तदात्याला त्या दिवसाची पगारी सुट्टी मिळते. निकोला लाचेतेरा आणि मारिओ माचिस यांनी या तरतुदीचा अभ्यास केला तेव्हा दिसलं, की तिच्यामुळे दात्यामागे वर्षाला साधारण एका रक्तदानाची भर पडते. आपल्याकडेही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना परवानाधारक रक्तपेढीत रक्त किंवा रक्तघटक दिल्यास त्या दिवसाची विशेष नैमित्तिक रजा मिळते, वर्षातून जास्तीत जास्त चार वेळा. मला यातला फरक असा दिसतो: नोट ही कामाची किंमत ठरते, सुट्टी ही वाटेतली अडचण दूर करते. माणसाला जायचंच असतं, वेळ नसतो. वेळ दिलात तर तो जातो आणि त्याचं दान दानच राहतं.

ऑफिसातल्या उपक्रमाला हाच नियम लावून पाहा. जाण्यायेण्याची गाडी, नाश्ता, उन्हाची टोपी, कामाच्या दिवशी दोन तासांची मोकळीक, हे सगळं जरूर द्यावं. ‘सर्वाधिक तास देणारा कर्मचारी’ अशी ट्रॉफी, मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये त्याचे गुण, हजेरीचा तक्ता भिंतीवर, हे टाळावं.

सक्तीचा चांगुलपणा

ज्यांनी कॉलेजात एनएसएस केलंय त्यांना हा मुद्दा लगेच कळेल. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. त्या शिबिरांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी पोरांना पहिल्यांदा गाव दाखवलं, आणि पुढे जन्मभर सामाजिक काम करणारी माणसं त्यातून उभी राहिली. त्याच शिबिरात फक्त वाढीव गुणांसाठी आलेली पोरंही होती, हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यातली काही तिथं गेल्यावर बदलली, काही तास भरून परत गेली.

आर्थर स्टुकास, स्नायडर आणि क्लॅरी यांनी १९९९ मध्ये सक्तीच्या सेवेचा नेमका हाच परिणाम तपासला. ज्या विद्यार्थ्यांना हे काम आपल्यावर लादलंय असं वाटत होतं, त्यांची पुढे आपणहून असं काम करायची इच्छा कमी झाली. ज्यांना कामात काही निवड करता आली त्यांच्यावर तसा परिणाम दिसला नाही. निवड अगदी छोटी असली तरी चालते. मुलांना वाचून दाखवणार, की ग्रंथालयातली पुस्तकं लावणार? सकाळी येणार, की दुपारी? एवढं विचारलं तरी माणसाला वाटतं की आपण आलोय, आणलेलो नाही.

फोटोपुरती भिंत

इथं कायद्याचाही थोडा संबंध येतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त असतो, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं. आपण याला सीएसआर म्हणतो. पुष्कळांना वाटतं, कर्मचाऱ्यांनी दिलेले तासही या दोन टक्क्यांत धरले जातात. तसं नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयानं स्पष्ट केलंय, की कर्मचाऱ्यांच्या विनामोबदला सेवेचे पैसे लावून ते सीएसआरच्या खर्चात दाखवता येत नाहीत. कर्मचाऱ्यांना सामील करून घ्यावं असं मंत्रालय म्हणतं, पण त्याचा हिशेब वेगळा.

मला ही तरतूद फार योग्य वाटते. सहकाऱ्यांचा वेळ कंपनीच्या खर्चाच्या रकान्यात जात नाही, म्हणून तो खऱ्या अर्थानं त्यांचा राहतो. अडचण येते ती दिखाव्याची. एका दिवसात पन्नास माणसं लागतील आणि संध्याकाळी फोटो छान येईल असं काम हवं असतं, आणि असं काम म्हणजे बहुधा शाळेची भिंत रंगवणं. एका मुख्याध्यापिका आम्हाला अतिशय अदबीनं म्हणाल्या होत्या, की भिंती गेल्याच वर्षी दोन कंपन्यांनी रंगवल्या. आम्हाला सातवीच्या मुलांसोबत आठवड्यातून एक तास इंग्रजी वाचायला कुणी मिळेल का? भिंतीसाठी पन्नास माणसं मिळतात, वाचनासाठी चार मिळत नाहीत. त्या चौघांना दर आठवड्याला यावं लागतं म्हणून.

ज्या कंपन्यांनी हे ओळखलं त्यांनी कौशल्याची वाट धरली. टाटा समूहानं २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘टाटा एंगेज’मध्ये ‘प्रोएंगेज’ नावाचा भाग आहे. त्यात कर्मचारी आपल्या फावल्या वेळात, साधारण सहा महिने, एखाद्या संस्थेसाठी स्वतःच्या पेशातलं काम करतो. संस्थेचे हिशेब नीट लावून देणं, माहिती साठवायची पद्धत बसवून देणं. फोटो काढण्यासारखं त्यात काहीच नसतं. संस्थेला मात्र ते वर्षानुवर्षं पुरतं.

घमेल्यांची रांग

मग त्या १ मेच्या श्रमदानाचं काय? तेही एका दिवसाचंच होतं. तरी ते भिंतीपेक्षा वेगळं होतं, आणि का वेगळं होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे.

उतारावरचं पाणी अडवायला सलग समतल चर खणतात. समतल म्हणजे चराचा तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच उंचीवर हवा. नाहीतर पाणी एका बाजूला वाहून चर फुटतो. ही पातळी गावातली माणसं ‘ए फ्रेम’नं काढतात. दोन काठ्या वर टोकाला बांधायच्या, मध्ये एक आडवी पट्टी ठोकायची, वरच्या टोकापासून दोरीला दगड लटकवायचा. दोन्ही पाय एका पातळीवर असले की दोरी पट्टीवरच्या मधल्या खुणेवर येते. तिथं फक्कीनं खूण करायची, एक पाय तसाच ठेवून फ्रेम पुढे फिरवायची, पुन्हा दोरी खुणेवर येईपर्यंत जागा शोधायची. अशी पांढरी रेघ माळावर वळणं घेत जाते, आणि मग त्या रेघेवर खणायचं. निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला टाकायची.

शहरातून आलेल्या इंजिनिअरला हे पाचवी शिकलेल्या गावकऱ्याकडून शिकावं लागतं. त्याची समजून घ्यायची भूक तिथं भागते. आणि त्याच सकाळी, ऊन चढायच्या आत, आपण खणलेला चर त्याला डोळ्यांनी दिसतो. पाऊस झाला की त्यात पाणी थांबणार हे सांगावं लागत नाही.

गर्दीबद्दल एक जुना आणि महत्त्वाचा शोध आहे. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली. ती निरीक्षणं १९१३ मध्ये छापली गेली. आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाच्या वाट्याला आलेली ताकद एकट्यानं ओढताना लागणाऱ्या ताकदीच्या जेमतेम निम्मी भरली. थोडा भाग एकमेकांशी ताल न जुळल्याचा. उरलेला, कुणीतरी ओढतंयच या भावनेचा. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं, की आपला वाटा वेगळा ओळखू येणार आहे असं कळलं की हा आळस जवळपास नाहीसा होतो.

श्रमदानात घमेल्यांची रांग असते. खणणाऱ्यापासून बांधापर्यंत माणसं उभी राहतात आणि मातीचं घमेलं एका हातातून दुसऱ्या हातात जातं. तुम्ही क्षणभर थांबलात तर शेजारच्याचं भरलेलं घमेलं त्याच्या हातात अडकून राहतं. तुमचा वाटा इतका उघड असतो की अंग चोरायला जागाच नाही, आणि इतका लहान असतो की कुणालाही झेपतो. कधी कधी त्या रांगेत विभागप्रमुखाच्या हातातलं घमेलं ऑफिसात नव्यानं लागलेल्या मुलीच्या हातात जातं. सोमवारी त्या दोघांचं बोलणं थोडं बदललेलं असतं. सहकाऱ्यांबरोबर काम करण्याचा हा फायदा कुठल्याही प्रशिक्षण वर्गात मिळत नाही.

पण एक दिवस हा एकच दिवस असतो. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शहा यांनी २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या शेजाऱ्यासोबत कचरा उचलायला सुरुवात केली तेव्हा दोघंच होते. दर आठवड्याला, त्याच किनाऱ्यावर, ते येत राहिले. हळूहळू वस्तीतली माणसं आली, शाळा आल्या, ऑफिसांचे गट आले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला, आणि मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. नव्या माणसाला तिथं यायला सोपं गेलं, कारण ‘कधी, कुठे’ हे विचारावंच लागत नव्हतं. ऑफिसच्या गटानंही एक जागा आणि एक वार धरला, तर महिन्यातून एकदाच का होईना, काम टिकतं.

जे येत नाहीत त्यांच्याविषयी

शनिवारच्या यादीत बायकांची नावं कमी दिसली की ‘त्यांना आवड नाही’ असा निष्कर्ष फार पटकन काढला जातो. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात असल्याचं दिसलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. आठवडाभराची साठलेली कामं शनिवारवर ढकललेली असतात, मुलांना सुट्टी असते, घरी म्हातारी माणसं असतात. तिच्या दोन तासांची किंमत तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या पुरुषाच्या दोन तासांपेक्षा जास्त असते. उपक्रम कामाच्या दिवशी ऑफिसच्या वेळेत ठेवला, किंवा मुलांना सोबत आणा असं मोकळेपणानं सांगितलं, तर यादी बदलते. वॉटर कपमधल्या गावांमध्ये बायका फार मोठ्या संख्येनं खणायला उतरल्या होत्या. आवडीचा प्रश्न तिथंच निकाली निघाला आहे.

आणखी एक गट यादीत कधीच नसतो. सुरक्षारक्षक, हाउसकीपिंगचे लोक, कॅन्टीनमधली माणसं. ते ऑफिसात आपल्यासोबत रोज असतात, पण कंत्राटदाराच्या पटावर असतात, त्यामुळे मेल त्यांना जातच नाही. त्यांतले पुष्कळ जण ज्या भागातून आले आहेत तिथंच आपण चर खणायला निघालेलो असतो. टिकाव कसा धरायचा, कुठल्या दगडाला घाव कुठून घालायचा हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यांना नक्की विचारा, आणि विचारण्याआधी त्या दिवसाचा रोज कापला जाणार नाही हे कंत्राटदाराकडून लेखी घ्या. पुढच्या उपक्रमाचं नियोजन करताना गाडी आणि नाश्त्याच्याही आधी हे काम करावं. कंत्राटदाराचं उत्तर यायला बहुतेकदा आठवडा-दोन आठवडे लागतात.